ओरिजिनलची सर नाही!

मालिका चालू असते तेव्हा ती नुसती मालिका असते. लोक तिच्यासमोर बसून जेवतात, पेंगतात, जाहिरात लागली की दूध तापवायला उठतात. तिची अभिजात कलाकृती होते ती रिमेकची बातमी येते त्या दिवशी. सकाळपर्यंत जिचं नाव आठवायला डोकं खाजवावं लागत होतं, ती संध्याकाळपर्यंत आपल्या जडणघडणीचा भाग झालेली असते आणि तिला हात लावणारा इसम थेट आपल्या माजघरात चपला घालून शिरलेला असतो.

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकन विज्ञानमालिकेचं नेमकं हेच झालं. १९७८ साली ग्लेन लार्सन यांनी ती एबीसी वाहिनीवर आणली. गोष्ट थोडक्यात अशी: बारा ग्रहांवर माणसं सुखानं नांदत असतात. सायलॉन नावाचे यंत्रमानव बेसावध गाठून ते सगळे ग्रह बेचिराख करतात. उरलीसुरली जनता मिळेल त्या यानात बसून, गॅलॅक्टिका या वाचलेल्या एकुलत्या एक युद्धनौकेच्या मागोमाग, पृथ्वी नावाची ऐकीव जागा शोधत निघते. वैमानिकांची शिरस्त्राणं इजिप्तच्या फॅरोसारखी. कालगणनाही स्वतंत्र. वर्षाला ‘यारेन’ आणि मिनिटाच्या आसपासच्या कशाला तरी ‘सेंटॉन’. हा सेंटॉन नक्की केवढा, हे लिहिणाऱ्यांनाही शेवटपर्यंत ठरवता आलं असावं असं वाटत नाही.

मालिका एका हंगामात गुंडाळली गेली. पुढच्या वर्षी ‘गॅलॅक्टिका १९८०’ या नावानं तिला पुन्हा उभं करायचा प्रयत्न झाला. त्यात उडत्या मोटारसायकली होत्या आणि स्काउटच्या गणवेशात उंच उड्या मारणारी पोरं होती. तो दहा भागांत आटोपला. कट्टर चाहत्यांसमोर हा विषय काढू नये. घरातून पळून गेलेल्या काकांबद्दल मंडळी जशी बोलतात, तसं ते याबद्दल बोलतात, म्हणजे बोलतच नाहीत.

गंमत अशी की ज्या मूळ कलाकृतीच्या पावित्र्यासाठी पुढं रणं माजली, तिच्यावर जन्मापासूनच कॉपीचा आळ होता. ‘स्टार वॉर्स’ आदल्याच वर्षी आलेला. तो काढणाऱ्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सनं गॅलॅक्टिकावाल्या युनिव्हर्सलला कोर्टात खेचलं. युनिव्हर्सलनं उलट दावा ठोकला, की तुमचा ‘स्टार वॉर्स’च आमच्या ‘बक रॉजर्स’ आणि ‘सायलेंट रनिंग’वरून उचललाय. म्हणजे मूळ, मूळ म्हणून जे काही असतं ते शोधत गेलं, तर माणूस गुहेतल्या भित्तिचित्रांपाशी पोचेल आणि तिथंही शेजारच्या गुहेतला कोणी तरी दावा लावून बसलेला असेल.

आमच्या नात्यात या मालिकेचे एक निष्ठावंत आहेत. माझे भावोजी. १९७७ साली ते एम.एस. करायला ओहायोला गेले. वसतिगृहाच्या हॉलमध्ये सगळ्यांत मिळून एक टीव्ही. १७ सप्टेंबर १९७८, रविवारची रात्र, गॅलॅक्टिकाचा तीन तासांचा पहिला भाग. ऐन रंगात आला असताना एबीसीनं तो थांबवला आणि पडद्यावर कार्टर, बेगिन आणि सादात अवतरले. कॅम्प डेव्हिडचा समझोता झाला होता. इजिप्त आणि इस्राएल एका टेबलाशी बसले होते, जग सुटकेचा नि:श्वास टाकत होतं आणि ओहायोतल्या त्या हॉलमध्ये शांततेच्या नावानं बोटं मोडली जात होती. कार्टरांविषयी भावोजींचं मत त्या रात्री जे बनलं ते कायमचं. पुढं २००२ साली कार्टरांना शांततेचं नोबेल मिळालं, तेव्हाही भावोजी एवढंच म्हणाले, “सह्या तासाभरानं केल्या असत्या तर काय बिघडणार होतं?”

पंचवीस वर्षं ही निष्ठा निद्रिस्त होती. मधल्या काळात भावोजींच्या तोंडून गॅलॅक्टिकाचं नावही निघालं नव्हतं. ताईचं म्हणणं, लग्नानंतर तिनं ते पहिल्यांदा ऐकलं ते २००३ साली. त्या वर्षी बातमी आली की सायफाय वाहिनी नवी गॅलॅक्टिका काढतेय, ‘स्टार ट्रेक’ लिहिलेला रोनाल्ड मूर ती लिहितोय, आणि स्टारबक बाई आहे.

स्टारबक म्हणजे मूळ मालिकेतला सगळ्यांचा लाडका वैमानिक. तोंडात सिगार, हातात पत्ते, प्रत्येक यानात एक मैत्रीण. डर्क बेनेडिक्ट हा देखणा नट ते काम करायचा. नव्या मालिकेत ते केटी सॅकॉफ नावाच्या मुलीला दिलं. बूमर हा दुसरा वैमानिकही बाई झाला, पण त्याच्यासाठी कोणी फारसे अश्रू ढाळले नाहीत. सगळा शोक स्टारबकच्या वाट्याला आला. नव्या मालिकेला ‘गॅलॅक्टिका इन नेम ओन्ली’ असं नाव पडलं आणि त्याच्या आद्याक्षरांवरून निष्ठावंत तिला नुसतं ‘जिनो’ म्हणू लागले. नाव घेतलं तर विटाळ होईल, अशी ही सोय. खुद्द बेनेडिक्टनं पुढच्या वर्षी एका नियतकालिकात लांबलचक लेख लिहून आपला नायक बाईमाणूस केल्याबद्दल पुरुषजातीच्या वतीनं गळा काढला. आणि नव्या मालिकेत कमांडर अडामाची भूमिका करणारा एडवर्ड जेम्स ओल्मोस? त्यानं प्रक्षेपणाआधीच सांगून टाकलं, की तुम्ही जुन्या मालिकेचे कट्टर भक्त असाल तर कृपा करून ही बघू नका. नाटकाच्या मुख्य नटानं तिकीटखिडकीवर बसून प्रेक्षक परत पाठवावेत, असा प्रकार मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

भक्तांनी अर्थातच त्याचं ऐकलं नाही. शिव्या घालायच्या तर आधी बघायला हवं.

२००५च्या उन्हाळ्यात मी ताईकडे न्यू जर्सीत एडिसनला गेलो, तेव्हा दुसरा हंगाम नुकताच सुरू झाला होता. शुक्रवारी रात्री दहाला भाची सोफ्यावर मांडी घालून बसायची. ती कॉलेजात होती आणि नवी मालिका हा तिचा प्राणवायू होता. शोकेसमध्ये गणपतीशेजारी सायलॉनच्या मुंडक्याच्या आकाराचा एक खोका होता. त्यात जुन्या मालिकेच्या डीव्हीडी. रिमेकच्या निषेधार्थ भावोजींनी केलेली ही खरेदी. भावोजी स्वत: सोफ्याच्या मागं, दाण्यांची वाटी घेऊन उभे.

“बसा ना,” मी म्हटलं.

“मी बघत नाहीये,” ते म्हणाले.

उभ्यानं बघितलेलं त्यांच्या हिशेबी बघण्यात धरत नव्हते. असे ते अख्खा पहिला हंगाम उभे होते, असं भाचीनं मला कानात सांगितलं. एकही भाग चुकला नव्हता.

भावोजींच्या हरकती मात्र ऐकण्यासारख्या होत्या. पहिली हरकत टेलिफोनची. नव्या गॅलॅक्टिकावर सगळीकडे भिंतीला टांगलेले जाडजूड फोन, त्यांना गुंडाळ्या गुंडाळ्यांची वायर. कारण कथेतच आहे. सायलॉन हे माणसांनीच बनवलेले आणि माणसांवर उलटलेले. कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले असले की ते आत शिरून सगळं बंद पाडतात. बाकीचं अद्ययावत आरमार त्यापायीच गारद झालं, आणि अडामानं आपल्या म्हाताऱ्या नौकेवर नेटवर्क जोडूच दिलं नाही म्हणून ती वाचली. मला हे फार हुशारीचं वाटलं. पण भावोजींची सगळी नोकरी टेलिफोन कंपनीत गेलेली. फोनची वायर काढून टाकणं हेच त्यांचं जीवितकार्य. “आम्ही तीस वर्षं काय झक मारली?” असं ते पडद्याकडे बघून विचारायचे.

दुसरी हरकत टायची. नव्या मालिकेतले लोक कोट-टाय घालून बैठकांना बसतात, पत्रकार परिषदा होतात, कर्करोग झालेली राष्ट्राध्यक्षीण रोझलिन चष्मा लावून फायली वाचते. “हे अंतराळ आहे की ट्रेंटनची सचिवालयाची इमारत?” मग कागदांची. नव्या मालिकेत प्रत्येक कागदाचे चारही कोपरे कापलेले असतात. का, ते कोणीही सांगत नाही. “एवढा वेळ मिळतो यांना? मागं शत्रू लागलाय आणि हे कोपरे कापतायत!” मग कॅमेऱ्याची. मूरला सगळं बातमीपटासारखं दिसायला हवं होतं, म्हणून कॅमेरा खांद्यावर, सतत हलता. यानांची लढाई चालू असतानासुद्धा चित्र धडपडत यानाला शोधतं, मग एकदम जवळ जातं. “बाहेर अंतराळात कोण उभं आहे कॅमेरा घेऊन? आणि त्याचा हात का थरथरतोय?” या प्रश्नाला भाचीकडेही उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही.

पण भाची काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं शोकेसमधल्या मुंडक्यातल्या सगळ्या डीव्हीडी बघितल्या होत्या. शत्रूचा अभ्यास. “बाबा, तुमच्या मालिकेत सायलॉनचं तेच एक विमान तसंच फुटतं. दर भागात. तोच धूर, तोच कोन.” हे खरं होतं. यानांची दृश्यं ‘स्टार वॉर्स’वाल्या जॉन डायकस्ट्राच्या देखरेखीखाली झालेली, त्यामुळं महागडी. मग तीच उलटीपालटी करून पुन्हा पुन्हा वापरली होती. “आणि सायलॉनना एक माणूस कधी मारता येत नाही.”

“ते नेम चुकवतात.”

“चुकणारच. डोळा एक, आणि तोही सारखा इकडून तिकडे फिरतोय!”

भावोजी दाणे चघळत राहिले. त्यांचा शेवटचा बालेकिल्ला म्हणजे मफिट. जुन्या मालिकेत बॉक्सी नावाच्या लहान मुलाचा कुत्रा हल्ल्यात मरतो, म्हणून त्याला एक यांत्रिक कुत्रा करून देतात, तो मफिट. नवीत मफिट नाही. बॉक्सी सुरुवातीला थोडा दिसतो, मग लेखक त्याला विसरूनच जातात. भावोजींच्या मते नव्या मालिकेला हृदय नाही याचा हा सज्जड पुरावा.

“बाबा, मफिटच्या कातड्यात चिंपांझी होता.”

“माहितीये मला. पण काय काम केलंय त्यानं!”

यावर कोणी काय बोलणार?

त्या घरातली सर्वांत अनपेक्षित प्रतिक्रिया मात्र भावोजींच्या आईंची. वय ऐंशीला टेकलेलं. पुण्याहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. रात्री लवकर निजायच्या. एका शुक्रवारी भाचीनं आवाज वाढवला आणि आजी आपल्या खोलीतून नऊवारी सावरत बाहेर आल्या. त्या तशाच थबकल्या. टीव्हीवर गायत्री मंत्र चालू होता.

यात माझी कारागिरी काही नाही. रिचर्ड गिब्ज या संगीतकारानं नव्या गॅलॅक्टिकाच्या शीर्षकसंगीतात खरोखरच गायत्री मंत्र वापरलाय, संथ लयीत, बाईच्या आवाजात. पडद्यावर अणुस्फोट, राखेतून चाललेली माणसं, वर अक्षरं उमटतात की सायलॉन माणसानं निर्माण केले, ते उलटले, त्यांच्यात उत्क्रांती झाली; खाली गायत्री. मग एकदम धाडधाड ढोल सुरू होतात आणि आजच्या भागात कोण कोणाला मारणार याची झलक दिसते.

आजींनी हात जोडले. ढोल सुरू झाल्यावर सोडले.

“कोण म्हणतंय हे?”

“एक बाई म्हणते, आजी. दर आठवड्याला असतं.”

मी श्वास रोखून धरला. आजींचं माहेर वैदिकाचं. गायत्री, तीही रात्री दहाला, बॉम्बस्फोटावर, तीही बाईच्या तोंडून! आता जे काही व्हायचं ते रिमेकवाल्यांचं पुरतं होणार, असं मला वाटलं. भावोजींनाही तेच वाटलं असावं, कारण ते आशेनं पुढं सरकले. “बघ ना आई, काहीच ताळतंत्र नाही यांना. गायत्रीसुद्धा—”

“छान म्हणते,” आजी म्हणाल्या. “आमच्या वेळी आम्हाला म्हणू द्यायचे नाहीत. वडील संध्या करायचे, आम्ही दाराआडून ऐकून पाठ केलेली. आता प्रबोधिनीतल्या बायका पौरोहित्य करतात, तर त्यांना तरी कुठं कोण काय म्हणतं?” मग त्या सोफ्यावर बसल्या, चष्मा लावला. पडद्यावर केटी सॅकॉफ सिगार ओढत होती. “ही कोण?”

“ती स्टारबक,” भाची म्हणाली. “विमान चालवते. आधी हे काम पुरुष करायचा. म्हणून बाबांना आवडत नाही.”

आजींनी मान वळवून मागं उभ्या असलेल्या मुलाकडे बघितलं. “का रे? तुझं काय जातं?”

नव्या गॅलॅक्टिकाच्या बाजूनं इतका बिनतोड युक्तिवाद एकाही समीक्षकानं केल्याचं मला आठवत नाही. त्यानंतर आजी दर शुक्रवारी गायत्रीपुरत्या यायच्या, ढोल सुरू झाले की उठून जायच्या. त्यांच्या दृष्टीनं मालिका दीड मिनिटाची होती आणि उत्तम होती.

भाचीनं मला पहिल्या हंगामाचे भागही दाखवले. त्यातला ‘थर्टी थ्री’ नावाचा पहिला भाग मी अजून विसरलेलो नाही. दर ३३ मिनिटांनी सायलॉन येऊन धडकतात, दर ३३ मिनिटांनी सगळा तांडा उडी मारून दुसरीकडे पळतो. पाच दिवस कोणाचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. दाढी वाढलेली, डोळे लाल, घड्याळाकडे बघणारी माणसं. ३३च का, ३२ किंवा ३४ का नाही, हे मालिकेनं कधी सांगितलं नाही. राष्ट्राध्यक्ष रोझलिनच्या मागं एक पांढरा फळा आहे. त्यावर जिवंत असलेल्या माणसांचा आकडा. प्रत्येक उडीनंतर तो पुसून कमी करायचा. शेवटी एका यानावर मूल जन्माला आल्याचं कळतं. ती उठते, आकडा पुसते आणि एकानं वाढवते.

खोलीत कोणी बोललं नाही. मागं वाटीतल्या दाण्यांचा आवाजही थांबला होता. मग भावोजींनी घसा साफ केला.

“फळ्यावर लिहितात,” ते म्हणाले. “साधा कॉम्प्युटर नाही.”

पण भावोजींवर खरा घाव घातला तो रिचर्ड हॅचनं. हॅच म्हणजे मूळ मालिकेतला नायक अपोलो. मालिका पुन्हा सुरू व्हावी म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं झटला. त्यानं गॅलॅक्टिकाच्या कादंबऱ्या लिहिल्या, स्वत:च्या खिशातून पैसे घालून १९९९ साली ‘द सेकंड कमिंग’ नावाची झलक बनवली आणि संमेलनांतून चाहत्यांना दाखवली. त्याचं म्हणणं एवढंच, की गोष्ट जिथं थांबली तिथून पुढं न्या. त्याऐवजी युनिव्हर्सलनं पाटी कोरी करून मूरच्या हातात दिली. हॅच उघडपणे विरोधात उभा राहिला, निष्ठावंतांचा सेनापतीच झाला. आणि मग एके दिवशी मूरनं त्याला नव्या मालिकेत काम देऊ केलं आणि त्यानं ते घेतलं.

काम कोणतं? टॉम झारेक, तुरुंगातला बंडखोर, ज्याला हे नवं सरकारच मान्य नाही. आणि त्याच्याशी बोलणी करायला येतो कोण? नवा अपोलो, म्हणजे जेमी बाम्बर. जुना अपोलो नव्या अपोलोसमोर उभा राहून विचारतो की तुम्हाला हा अधिकार दिला कोणी. इतकी मार्मिक पात्रयोजना मराठी रंगभूमीवरही क्वचित होते. मला तर हॅचबद्दल आदरच वाटला. नुसता पाहुणा म्हणून हार घालून घ्यायला आला नाही, राबला. भावोजींच्या लेखी मात्र तो फितूर. “पैसे दिले की कोणीही जातो,” ते म्हणाले. पुढं चौथ्या हंगामात झारेकला गोळ्या घातल्या तेव्हा त्यांनी मला मुद्दाम फोन केला. आवाजात दु:ख होतं की समाधान, ते इतक्या लांबून कळलं नाही.

दरम्यान नव्या मालिकेचं बस्तान बसलं. ‘टाइम’ साप्ताहिकानं २००५ची सर्वोत्तम मालिका म्हणून तिला निवडलं, मग पीबडी पुरस्कार मिळाला. इथून पुढं नव्या भक्तांचा एक वेगळाच तोरा सुरू झाला, आणि प्रामाणिकपणे सांगतो, तो जुन्या भक्तांच्या रडगाण्याहून जास्त असह्य होता. “ही सायन्स फिक्शन नाहीच,” ते म्हणायचे. “हे खरं म्हणजे राजकीय नाट्य आहे.” अरे, अंतराळात यानं उडतायत, यंत्रमानव मेले की नव्या देहात जागे होतायत, आणि ही सायन्स फिक्शन नाही? मग काय कौटुंबिक? तिसऱ्या हंगामात माणसांची वस्ती सायलॉनच्या कब्जात असते आणि आपले नायक आत्मघातकी बॉम्ब लावायला लागतात. हे २००६ साली, इराकचं युद्ध चालू असताना, अमेरिकन टीव्हीवर. ते धाडस खरंच होतं, पण ते सायन्स फिक्शन होतं म्हणूनच खपलं. शेंदूर फासलेल्या दगडावर कोणी रागावत नाही.

मार्च २००९ मध्ये तर कळस झाला. थेट संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कच्या मुख्यालयात गॅलॅक्टिकावर परिसंवाद भरला. ओल्मोस, रोझलिनचं काम करणारी मेरी मॅक्डॉनल, मूर आणि संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी एका व्यासपीठावर, सूत्रसंचालनाला व्हूपी गोल्डबर्ग. सभागृहात देशांच्या नावांच्या पाट्या असतात ना, त्या जागी मालिकेतल्या बारा ग्रहांच्या नावांच्या पाट्या लावल्या होत्या. भाची आठवडाभर हवेत होती. भावोजी म्हणाले, “सुरक्षा परिषदेत व्हेटो कोणाकडे? कॅप्रिकाकडे?”

आणि तीनच दिवसांनी, २० मार्चला, शेवटचा भाग लागला.

इथं थोडं मागं जायला हवं. शीर्षकातल्या त्या अक्षरांत शेवटी एक वाक्य होतं, की सायलॉनांकडे एक योजना आहे. नव्या भक्तांनी चार हंगाम त्या योजनेची वाट बघितली. कागदावर आकृत्या काढल्या. भाचीनं बाबांना सांगितलं, थांबा, शेवटी सगळं जुळणार आहे. तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस चार पात्रांना भिंतीतून गाणं ऐकू येऊ लागतं आणि ते चौघे सायलॉन निघतात. गाणं कोणतं, तर बॉब डिलनचं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’, बेअर मॅक्रिअरी या संगीतकारानं सतारीचा बाज देऊन केलेलं. लाखो मैल दूर, पृथ्वीचा पत्ता नसलेल्या लोकांना डिलन कुठून आला? “कळेल,” भाची म्हणायची. “प्लॅन आहे.”

शेवटी कळलं ते असं, की प्लॅन देवाचा होता. तांडा दीड लाख वर्षांपूर्वीच्या पृथ्वीवर उतरतो, आपली सगळी यानं सूर्यात घालवतो, तंत्रज्ञानाचा त्याग करून आदिमानवांबरोबर राहायला रानात निघून जातो. मेलेली आणि परत आलेली स्टारबक माळावर बोलता बोलता अदृश्य होते. कोण होती? कळत नाही. दोन पात्रं देवदूत असल्यासारखी आजच्या न्यूयॉर्कमध्ये फिरताना दिसतात. समाप्त. योजनेचं म्हणाल तर त्याच वर्षी ‘द प्लॅन’ नावाचा वेगळा चित्रपट काढावा लागला. ज्याच्याकडे खरोखर योजना असते त्याला ती नंतर डीव्हीडीवर विकावी लागत नाही, असं माझं आपलं मत.

भाचीचा फोन मला दुसऱ्या दिवशी आला. आवाज बसलेला. “मामा, दंतमंजनसुद्धा टाकलं त्यांनी! पेनिसिलिन टाकलं! एकानं तरी म्हणायला नको का, की निदान एक यान ठेवू या? अडतीस-एकोणचाळीस हजार माणसं आणि सगळ्यांचं एकमत?” हा मुद्दा मला पटला. आपल्याकडे एका सोसायटीत लिफ्टचा रंग बदलायचा तर तीन सभा होतात. “चार हंगाम फसवलं यांनी,” ती म्हणाली. “पहिले दोन हंगाम होते तीच खरी गॅलॅक्टिका.”

म्हणजे हीसुद्धा आता मूळची निष्ठावंत झाली होती. फक्त तिचं मूळ २००४ सालचं होतं.

आणि भावोजी? ताईनं सांगितलं, ते भलतेच खुशीत होते. यानं सूर्याकडे निघाली त्या प्रसंगाला मॅक्रिअरीनं १९७८ची स्टू फिलिप्सची जुनी धून वाजवली. ती सुरू झाली आणि सहा वर्षं सोफ्यामागं उभा असलेला हा माणूस पुढं येऊन बसला. देवाबद्दल तर त्यांची काहीच तक्रार नव्हती. “ओरिजिनलमध्येही होते की देवदूत,” ते मुलीला म्हणाले. “पांढरे कपडे, प्रकाशाचं जहाज. तुला सांगितलं होतं, तेव्हा हसली होतीस.” मुंडक्यातून तो भाग काढून त्यांनी तिला रात्री एक वाजता दाखवला. ती रडत होती म्हणे. कशासाठी, ते विचारायचं ताईला धाडस झालं नाही.

२०१९ साली पीकॉक या नव्या स्ट्रीमिंग सेवेसाठी पुन्हा एक गॅलॅक्टिका येणार अशी घोषणा झाली, ‘मिस्टर रोबॉट’ काढणारा सॅम इस्मेल ती करणार म्हणून. भाची तेव्हा सिअॅटलला नोकरीला. घरातल्या सगळ्यांना तिचा संदेश आला: “काय गरज होती? जी उत्तम झालीये तिला हात कशाला लावायचा? केटीची सर कोणाला येणारेय?” ज्या मुलीनं बापाला पाच वर्षं ‘काळाबरोबर बदला’ म्हणून सुनावलं, तिचेच हे शब्द. भावोजींनी खाली एकच ओळ लिहिली: “फोनला वायर ठेवतील ना?”

पुढची पाच वर्षं दोघांनी मिळून त्या न आलेल्या मालिकेला झोडपलं. नट ठरले नव्हते, एक दृश्य चित्रित झालं नव्हतं, पण कोणत्या गोष्टीचा सत्यानाश होणार याची यादी तयार होती. बापलेकीचं इतकं एकमत ताईनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. दर रविवारी तासभर फोन.

जुलै २०२४ मध्ये पीकॉकनं अंग काढून घेतलं. मालिका बारगळली. मला वाटलं, घरात पेढे वाटले जातील. मी फोन केला तर भावोजी अगदीच पडलेल्या आवाजात बोलले.

“बरं झालं की,” मी म्हटलं.

“कसलं बरं? बघायला तरी मिळायला हवी होती. न बघता किती बोलणार माणूस?” मग जरा थांबून म्हणाले, “पण ते दुसरीकडे कुठं तरी विकायच्या प्रयत्नात असतील. सोडणार नाहीत. पोरीला म्हटलंय मी, धीर सोडू नकोस.”